कंदीलवालीचे डोळे

दिवाळी अंकांत माणसं आपल्या कामाचे अनुभव लिहितात, ते मला फार आवडतं. शहापूरच्या वाचनालयातून जुने अंक आणून मी ते भात शिजेपर्यंत वाचते. फौजदारांचे अनुभव येतात, डॉक्टरांचे येतात. एकदा विहिरीत पडलेली माणसं आणि भांडी वर काढणाऱ्याचे आले होते, ते तर मी दोनदा वाचले. भुतांचे डोळे रंगवणाऱ्या बाईचे मात्र अजून कुठे आलेले नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. छापायला पाठवायचा विचार नाही. पाठवायचं तर पाकिटावर नाव घालावं लागतं, आणि इथल्या पोस्टात मला सगळे ओळखतात.

माझं नाव विमल. माहेर वैशाखऱ्याचं, मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा लांब होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला वर्गात उभं राहून बोलता यायचं नाही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर ठाऊक असूनही मी पाटीकडे बघत राहायची. वाचायची सवय तेवढी सुटली नाही. लग्न होऊन शहापूरजवळ सापगावात आले तेव्हा सासरच्यांना पहिले काही दिवस वाटलं, मुलगी मुकी दिली.

आसनगावच्या रस्त्याला भोईरदादांचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे मी आधी मूर्ती घासायला लागले, मग रंगाला, आणि मग आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यातलं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. ज्याचा हात थरथरत नाही आणि जो काम करताना बोलत नाही, त्याला ते मिळतं. दुसऱ्या गुणात माझ्या तोडीचं तालुक्यात कुणी नव्हतं.

आखणीचे काही नेम आहेत. आंघोळ करून बसायचं, चपला बाहेर काढायच्या. डोळे लागेपर्यंत मूर्ती म्हणजे नुसता माल, ती आडवी ठेवा नाहीतर कोपऱ्यात उलटी उभी करा. एकदा डोळे लागले की तिचं तोंड भिंतीकडे करायचं नाही आणि तिला आडवी पाडायची नाही. कारण आता ती बघते. हा नेम लक्षात ठेवावा, पुढे त्यानेच मला अडचणीत आणलं.

मला कामाला जाऊ दिलं ते सासूबाईंनी. त्या म्हणाल्या होत्या, "देवाचं काम हाय म्हून पाठवते. दुसरं कायपण वंगाळ केलंस ना, तर उद्यापासनं घरी." एवढंच बोलल्या. त्यांना फार बोलायची गरज पडायची नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कारखाना मला किती हवा होता, हे सांगायला हवं. घरात, लग्नात, हळदीकुंकवात, सगळीकडे माणसाला बोलावं लागतं. कारखान्यात माझी खिडकीपाशी जागा होती. मूर्ती माझ्यासमोर यायची, मी डोळे काढायची, मूर्ती जायची. मला कुणी काही विचारायचं नाही, आणि तरीही माझ्यावाचून काही पुरं व्हायचं नाही.

पण गणपती गेले की कारखाना रिकामा. बायका मग मिळेल त्या मजुरीला जायच्या आणि मी घरी. अशाच एका रिकाम्या हिवाळ्यात भोईरदादा मुंबईच्या एका तरुण माणसाला घेऊन आले. त्यांना आम्ही कुणालसर म्हणायचो. त्यांनी पिशवीतून वीतभर उंचीचे पाच पुतळे काढून टेबलावर मांडले. रंग न दिलेले, करडे. जुन्या भुताच्या सिनेमांतली पात्रं म्हणे. चार विलायती आणि एक आपल्याकडचं.

आमच्यातली लता तिथेच उभी होती. ती आमच्याच आळीत राहते आणि तिचं तोंड कायम चालू असतं. तिने पाच मिनिटांत पाचांची बारशी केली. उंच कॉलरीचा झगा घातलेला तो सुळेवाला. अंगभर तुकडे जोडून शिवलेला धिप्पाड तो टाकेवाला. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला पट्टीवाला. केसाळ तो लांडगोबा. आणि पाचवी आपली, जुन्या हवेलीच्या दारात कंदील घेऊन उभी असते ती म्हातारी, तिचं नाव कंदीलवाली. आजतागायत कारखान्यात हीच नावं चालतात. कुणालसरांची इंग्रजी नावं फक्त खोक्यावर असतात.

"ही खेळणी कोण घेतो?" लताने विचारलं.

"मोठी माणसं घेतात. इंजिनियर, बँकेतले, डॉक्टर."

"त्यांच्या पोरांना?"

"नाही, स्वतःला. पोरांना हातसुद्धा लावू देत नाहीत. खोका उघडत पण नाहीत. खोका उघडला की किंमत जाते."

"मग खेळतात कधी?"

"खेळत नाहीत. कपाटात ठेवतात आणि बाहेरून बघतात."

लताने पाचही पुतळे टेबलावर एका ओळीत लावले. मग म्हणाली, "म्हणजे देव्हाराच की."

दादांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, ही ऑर्डर टिकली ना, तर बारा महिने काम. नाय टिकली तर गणपतीपुरतं." मी घरी जाऊन सांगितलं की आता बाहुल्यांचं काम आलंय. ते खोटं नव्हतं.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. रबराच्या साच्यात रेझिन ओतायचं. डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे. निघालेल्या भागाला कडेने पापुद्रा असतो, तो घासायचा. मग अस्तराचा रंग. मग अंगाचा रंग मशीनने फवारायचा. मग काळपट पातळ पाणी मारायचं, ते सुरकुत्यांत आणि जखमांत उतरतं आणि माणूस मेल्यासारखा दिसायला लागतो. मग सांधे जोडायचे. रक्त सगळ्यात शेवटी, चकचकीत वार्निश घालून, म्हणजे ते कधीच वाळल्यासारखं दिसत नाही. आणि रक्ताच्याही नंतर डोळे, झिरो नंबरच्या ब्रशने. पट्टीवाल्याला एकच डोळा असतो, दुसरा पट्टीखाली गेलेला. म्हणून तो सगळ्यांचा लाडका.

पहिल्याच दिवशी वाद झाला. भुताची आखणी करताना चपला काढायच्या की नाही? लता म्हणाली, "देवाला काढतो. भुताला कशाला? भुतापुढं तर घालून बसावं, पळायला बरं." दादांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "काढूनच बसा. भूत असलं तरी आपल्या हातचं हाय." तेव्हापासून मी भुतांनाही अनवाणी डोळे देते.

पहिला नमुना बघायला कुणालसर आले. सुळेवाल्यांची रांग लावली होती. त्यांनी एक उचलला, खिडकीपाशी नेला, परत आणला.

"मावशी, हा रक्त पिणारा माणूस आहे ना?"

मी मान हलवली.

"मग हा माझ्याकडे असा का बघतोय, जसं काही माझी उद्या परीक्षा आहे आणि मी पास होणार आहे?"

सगळ्या बघायला आल्या. खरंच होतं. लांब डोळे, पापणी अर्धी मिटलेली, बुबुळ मधोमध, कोपऱ्यात दया. माझ्या हाताला दुसरे डोळे येतच नव्हते. सुळ्यांतून रक्त ठिबकतंय आणि वर नजर म्हणतेय, सुखी राहा.

"आणि हे काय?" सरांनी त्याच्या कपाळाकडे बोट केलं.

ते गंध होतं. आखणी झाली की माझा ब्रश आपसूक कपाळावर जातो. निम्म्या सुळेवाल्यांना मी गंध लावून मोकळी झाले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"कीर्तनाला निघालाय वाटतं," लता म्हणाली.

सर हसले नाहीत. दादांना बाजूला घेऊन बोलले. पुढच्या आठवड्यात कंदीलवालीचा नमुना हवा. तिच्या डोळ्यांत जरब पाहिजे. नाही जमलं तर काम दुसरीकडे जाईल. मी खिडकीपाशी बसून सगळं ऐकलं. सगळ्या बायकांचं बारा महिन्यांचं काम आणि माझी खिडकी, दोन्ही त्या म्हातारीच्या दोन डोळ्यांवर आलं होतं.

सरांनी दादांच्या फोनवर सिनेमांचे तुकडे पाठवले. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मिळून बघायच्या. मी पदराआडून ऐकायची. मला भुताचे सिनेमे सोसत नाहीत, आजही नाहीत. मग लता मला सांगायची.

"दार उघडलं गो. आता ती आली. आता ती बघते."

"कशी बघते?"

"वाईट बघते."

"पण कशी गो?"

"आता कसं सांगू? तूच बघ ना, वयनी!"

मी बोटांच्या फटीतून बघितलं, तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं आणि माझा डबा सांडला. त्या उपायाने काही होईना.

उपाय घरीच होता. त्या संध्याकाळी मी चुलीवर जवळा टाकला होता आणि डोक्यात डोळे फिरत होते. जवळा करपला. वास सुटला आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आता ते कारण सांगते. माझ्या सासूबाईंनी मला कधी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. त्या फक्त बघायच्या. दारात उभं राहायचं, काही बोलायचं नाही आणि बघायचं. त्या नजरेखाली मी इतकी वर्षं खाली मान घालून काढली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून नीट निरखलं. उजवी पापणी अर्धी उतरलेली. डावं बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं आणि त्याच्याखाली पांढऱ्याची बारीक कोर. भुवई जागची हलत नाही. तोंड बंद. हातात कंदील तेवढा नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याबरोबर फार आनंद झाला.

"काय बघतंस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना कुणी असं बघायची सवय नव्हती.

"काय नाय, आई."

दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याचा कोपरा नीट आठवेना, म्हणून मी दूध उतू जाऊ दिलं. मुद्दाम. सासूबाई आल्या, बघितलं, मी कोपरा पाठ करून घेतला.

नमुना तयार झाला. कुणालसरांनी कंदीलवाली हातात घेतली आणि चटकन खाली ठेवली. मग एक पाऊल मागे जाऊन म्हणाले, "मावशी, मला आत्ता असं वाटलं की मी काहीतरी केलंय." मग लांबूनच वाकून बघत विचारलं, "हे डोळे कुठून आणले?"

"मनातून," मी म्हटलं. अनोळखी माणसाशी मी आपणहून बोललेला तो बहुतेक पहिलाच शब्द.

ऑर्डर मिळाली. दादांनी पेढे वाटले. लताने पेढा तोंडात टाकला, कंदीलवाली उचलली आणि तिचा घास तिथेच राहिला.

"अगो वयनी! ही तर आमची काकी! ही तर तुझी सासू!"

मी तिचं तोंड हाताने दाबलं. पेढ्यासकट.

त्या वर्षापासून अर्धा कारखाना देवाचा आणि अर्धा भुतांचा झाला. बाकीच्या चौघांनाही मी हळूहळू माणसांचे डोळे दिले. लांडगोबाला आमच्या आळीतल्या कोंबडीचोर बोक्याचे. टाकेवाल्याला माझ्या नवऱ्याचे, झोपेतून उठवल्यावरचे. ते ओळखायला कुणी आलं नाही. पण सगळ्यात जास्त खपायची कंदीलवालीच.

गिऱ्हाइकं कधी थेट कारखान्यात यायची. ठाण्याहून एक गृहस्थ आले होते. चांगला साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, काखेत बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. दुपटं उघडलं तर आत पट्टीवाला. मोलकरणीने पुसताना त्याचा हात मोडला होता. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी. मी हात जोडून दिला, सांध्यावर रंग भरला, तोवर ते शेजारी स्टुलावर बसून त्याचा दुसरा हात धरून होते. जाताना मला विचारलं, "याला आठवडाभर उभं करू नको ना?" मी म्हटलं, नका. दुसरं काय म्हणणार?

लताने एकदा एका लांडगोबाला दोन्ही डावे हात लावले. तो तसाच गेला. आम्ही घाबरून बसलो, तर ज्याला तो मिळाला त्याने उलट आभार मानले, असा जगात एकच आहे म्हणून. लता पुढे आठवडाभर सरांना विचारत होती, दोन डावे पाय लावू का?

हे सगळं मजेचं. पण मला एक धास्ती कायम होती. सासूबाईंनी कधी कारखान्यात यायला नको. आल्या, आणि बघितलं, तर देवाचं काम कुठे आणि हे कुठे! त्यात स्वतःचेच डोळे. उद्यापासून घरी.

आणि दसऱ्याला त्या आल्या.

दसऱ्याला कारखान्यात पूजा असते. कॉम्प्रेसर, फवारायचं मशीन, ब्रश, साचे, सगळं धुऊनपुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात. तयार मालही मांडतात, कारण पोट त्याच्यावर. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावणं असतं. माझ्या सासूबाई कधी येत नसत. त्या वर्षी सकाळी त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या.

"कुठं जाताय, आई?"

"तुझ्या कारखान्यात. लोकं बोलतात, विमलच्या बाहुल्या विमानानं जातात. बघते तरी."

मी तयारीचं निमित्त करून पुढे निघाले आणि वाटेत लताला गाठलं. ती म्हणाली, "आतल्या खोलीत टाकून देऊ." पण दादा ऐकेनात. "कंदीलवालीनं ऑर्डर आणली आणि पूजेला तिलाच आत टाकू? पैली ओळ तिची."

"मग भिंतीकडं तोंड करून ठेवू," लता म्हणाली.

"नाय," मी म्हटलं. "डोळं लागलंत."

"अगो, तुझी नोकरी चाललीय!"

"तरी नाय."

तो नेम मी कधी मोडला नव्हता, भुताच्या बाबतीतसुद्धा नाही. शेवटी लतालाच सुचलं. झेंडूच्या माळा होत्या. आम्ही पहिल्या ओळीतल्या एकूणएक कंदीलवालीला एवढी जाड माळ घातली की गळ्यापासून कपाळापर्यंत नुसता झेंडू आणि खाली कंदील. लांबून बघितलं तर नवरदेव रांगेत उभे असावेत तसं दिसायचं.

पूजा झाली. सासूबाई मालासमोर आल्या. पाठीमागे हात बांधून, बाजारात वांगी बघावीत तशा एकेकाला बघायला लागल्या.

"हा कोन?"

"तो... रक्त पितो, आई." खोटं बोलायला मला तेवढा वेळच मिळाला नाही.

"कपडे बरे हायत." त्या पुढे सरकल्या. पट्टीवाल्यापाशी थांबल्या. "अरं देवा, याला कुठं लागलं एवढं?" त्यांनी हातातलं आपट्याचं पान त्याच्या मुठीत खोचलं. "घे रं बाबा सोनं. बरा हो." लांडगोबाला म्हणाल्या, "याला भादरा कुनीतरी." टाकेवाल्याकडे बराच वेळ बघून त्यांनी मागे वळून माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

मग कंदीलवाली.

"ही का झाकलीय?"

"मान हाय तिचा," लता घाईने म्हणाली. "पैल्या ओळीची हाय ना, काकी."

सासूबाईंनी एका बोटाने माळ वर सारली.

सगळा कारखाना जवळ सरकला. आळीतल्या बायका, दादा, दादांची बायको, सगळे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला वीतभर कंदीलवाली, दोघींची उजवी पापणी अर्धी उतरलेली. मी माझ्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवलं.

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. दोन्ही हात जोडले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो बाय! ही तर माझी सासू!"

लता तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली.

"अशीच बघायची," सासूबाई सांगायला लागल्या. "दारात उभी राहायची नि बघायची. बोलायची नाय. माझी भाकरी हातातनं पडायची." बायका माना डोलवायला लागल्या. एकीने तर सांगितलं की तिचीही अशीच होती. दादांच्या बायकोने पण सांगितलं. पुढचा सगळा वेळ कारखान्यात मेलेल्या सासवांचीच चर्चा चालली, आणि जिवंत सासवा त्यात सगळ्यात पुढे होत्या.

निघताना सासूबाई दादांना म्हणाल्या, "यातली एक मला दे रं. घरी नेते." आणि मला म्हणाल्या, "उद्या टायमावर जा. चांगलं काम हाय."

माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंना मी कधी बघितलं नाही. माझ्या लग्नाच्या खूप आधी त्या गेल्या, त्यांचा फोटोही घरात नाही. म्हणून मला वाटलं, वाचले. नजर एका घरात राहिली की अशी खाली उतरत येत असेल, आणि माझ्या नकळत मी आजेसासूच रंगवली असेल.

कंदीलवाली आमच्या फ्रीजवर आली. सासूबाईंनी खोका पहिल्याच दिवशी फाडला. मी म्हटलं, आई, लोक खोक्यातच ठेवतात, बाहेर काढत नाहीत. त्या म्हणाल्या, "मला ठेवली तेवढी बास." मग त्या भाकऱ्या थापता थापता तिच्याशी बोलायला लागल्या. "बघ, बघ. आता सांग, कच्ची हाय का?" कधी, "आमी पन माणसं हाव, म्हटलं." कधी नुसतंच, "काय बघतंस?" आयुष्यभराची उत्तरं त्या हळूहळू, एकेक करून देत होत्या.

आणि माझ्याकडे बघायच्या थांबल्या. म्हणजे बघायच्या, पण साधं. मला हे लक्षात यायला वेळ लागला, कारण मान खाली घालायची सवय मलाही होती.

मध्ये कुणालसरांचा फोन आला होता. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, पट्टीवाल्याच्या मुठीत पान कसलं? मी फोन लताच्या हातात दिला. तिने सांगितलं, "औषध हाय ते."

मग सरांनी कंदीलवालीची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. तोच पुतळा, तोच कंदील, पण डोळ्यांत थोडा फरक हवा. म्हणजे ज्यांनी पहिली घेतली ते दुसरीही घेतात. मला काही सुचेना. मी जुनाच उपाय केला. जवळा करपवला. सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "असू दे गो, वरचा वरचा काढ." दूध उतू घालवलं. "जाऊ दे, मांजरीचं नशीब." आमटीत मीठ दोनदा घातलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पाणी प्यायल्या आणि विचारलं, "तुला बरं नाय का?" ती नजर घरातून गेलीच होती. एवढी वर्षं जी नको म्हणून देवाला हात जोडले, ती हवी तेव्हा मिळेना.

मी ओट्यावर बसले होते. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या.

"कशाची काळजी लागलीय?"

मी सांगितलं. दुसऱ्या कंदीलवालीला वेगळे डोळे हवेत, आणि सापडत नाहीत.

सासूबाईंनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला. "मग आता माझ्या सासूचं घाल," त्या म्हणाल्या. "तिचं डोळं घारं होतं. मांजरीसारखं."

मी ओट्यावरूनच आत फ्रीजकडे बघितलं. फ्रीजवरच्या बाईचे डोळे काळेभोर आहेत. मीच रंगवलेत.

"आई..." एवढंच आलं.

"पैल्या टायमाला माझं केलंस, चांगलं केलंस. बायांपुढं काय बोलनार मी?" त्यांनी सूप पाखडलं. "आता तिचं कर. नि बुबुळ आनखी वर घे. ती माझ्यापेक्षा वाईट बघायची."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडाला दात फारसे नाहीत, त्यामुळे हसू लपत नाही.

दुसरी कंदीलवाली पहिलीपेक्षा जास्त खपली. आता मात्र डोळे हाताने काढत नाहीत. सरांनी दोघींच्या डोळ्यांचे फोटो नेले आणि छापून आणले. कागद पाण्यात भिजवायचा आणि डोळे सरकवून चिकटवायचे. काम भराभर होतं. लता कागद उजेडात धरून म्हणते, "एका कागदावर किती सासवा मावतात गो!" सगळ्या सारख्या बघतात, एकही चुकत नाही. चिकटवून झालं की माझा हात अजून कपाळाकडे जातो, आणि तिथे ब्रश नसतो. चपला मात्र मी अजूनही बाहेरच काढते. गणपतीची आखणी हातानेच होते, तेवढी आहे.

घारी कंदीलवाली मी घरी आणली तेव्हा सासूबाईंनी तिला फ्रीजवर ठेवली. पहिलीच्या शेजारी, दोघींची तोंडं स्वयंपाकघराकडे. थोडा वेळ उभ्या राहून बघितलं. मग दोघींना उचलून एकमेकींसमोर तोंड करून उभं केलं.

"बघू दे त्यांनाच एकमेकींकडं," त्या म्हणाल्या. "तू चहा टाक."